बांटू लोकांची नावे आणि त्यांचे अनेकवचन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनिया-टांझानियाच्या सहलींची वर्णने, आफ्रिकी कादंबऱ्यांचे अनुवाद, स्पर्धा परीक्षांची टिपणे, दक्षिण आफ्रिकेतल्या निवडणुकांच्या बातम्या अशा निमित्तांनी मराठीत आफ्रिकेविषयी आता बरेच लिहिले जाते. त्यात 'बांटू' हे आफ्रिकेतल्या एका मोठ्या भाषाकुळाचे नाव आले की लिहिणारा अडखळतो. अनेकवचन कसे करायचे, कोणाला बांटू म्हणायचे, तसे म्हटलेले कोणाला खुपते, हे प्रश्न अनुवादक, पत्रकार आणि विद्यार्थी नेहमी विचारतात. एखाद्या समाजाचे नाव नीट लिहिणे हा त्या माणसांशी नीट वागण्याचाच भाग आहे असे मी मानतो, म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

मराठीत 'बांटू'चे अनेकवचन काय होते?

'बांटू'च. शाळेत शिकलेला नियम इथे लागू पडतो. आकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात एकारान्त होते, जसे घोडा–घोडे. बाकीची पुल्लिंगी नामे दोन्ही वचनांत सारखीच राहतात. एक साधू, चार साधू. एक हिंदू, चार हिंदू. तसेच एक बांटू, चार बांटू. वचन कळते ते क्रियापदावरून: 'बांटू शेतकरी दक्षिणेकडे सरकला' आणि 'बांटू शेतकरी दक्षिणेकडे सरकले'.

प्रत्यय लावताना बांटूंना, बांटूंनी, बांटूंचा, बांटूंमध्ये अशी रूपे होतात. शब्द 'हिंदू'सारखा चालवावा, 'लाडू'सारखा नको. लाडू–लाडवांचा, विंचू–विंचवांचा असा ऊचा 'व' होणे घरच्या शब्दांना शोभते. 'झुलवांचा' किंवा 'बांटवांना' असे लिहिले तर वाचणाऱ्याला मूळ शब्दच ओळखू येणार नाही.

इंग्रजी मजकुरात 'बांटूज' असे रूप दिसते. अनुवादात ते ठेवावे का?

ठेवू नये. मराठीत इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय आणायची गरज कधीच नसते, आणि इथे तर मूळ शब्दच अनेकवचनी आहे. 'न्टू' हा माणूस या अर्थाचा मूळ भाग. त्याच्या आधी 'मु' लागला की एक माणूस, 'बा' लागला की अनेक माणसे. आपण शब्दाच्या शेवटी फरक करतो, या भाषा सुरुवातीला करतात.

शेजारी-शेजारी मांडले की हे चटकन दिसते. झुलूत उमुंटू–अबांटू. कोंगोत मुंटू–बांटू. सोथो आणि त्स्वानात मोथो–बाथो. स्वाहिलीत म्तू–वातू. शोनात मुन्हू–वान्हू. लिंगालात मोतो–बातो. हेरेरोत ओमुंडू–ओवांडू. कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात माणसाला जवळजवळ एकच शब्द आहे आणि त्याचे अनेकवचन करायची रीतही एकच. हे साम्य पाहूनच केप टाऊनमध्ये काम करणारा जर्मन भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक याने या भाषांच्या कुळाला 'बांटू' म्हटले, आणि १८६२ साली निघालेल्या त्याच्या तुलनात्मक व्याकरणातून ते नाव रूढ झाले. म्हणजे भाषाकुळाला मिळालेले नाव मुळात 'माणसे' एवढ्याच अर्थाचे आहे. झुलू बोलणाऱ्याच्या लेखी नाशिकची माणसेही 'अबांटू'च.

मग एका माणसासाठी 'मुंटू' लिहायचे का?

नाही. 'मुंटू' म्हणजे नुसता 'माणूस'. 'तो मुंटू आहे' या वाक्यातून तो बांटूभाषक समाजातला आहे असा अर्थ निघत नाही. मराठीत 'बांटू' हे आता कुळाचे नाव म्हणून आले आहे, त्यामुळे ते दोन्ही वचनांत चालते. 'एक बांटू भाषा', 'एक बांटू समाज' ही रचना निर्धोक. एकट्या माणसाबद्दल लिहायचे असेल तर तो झुलू आहे, किकुयू आहे की शोना आहे ते शोधून काढावे आणि तेच लिहावे. बहुतेक वेळा मूळ मजकुरात, नाही तर गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावात त्याचा पत्ता लागतो.

'बांटूंचा' लिहावे की 'बांटू लोकांचा'?

दोन्ही शुद्ध आहेत. तरी छापण्यासाठी मी 'बांटू लोकांचा' किंवा 'बांटूभाषक समाजांचा' सुचवतो, कारण 'बांटूंचा' या रूपात अनेकवचनाचा सगळा भार एका अनुस्वारावर असतो. बोलताना तो जवळपास ऐकू येत नाही आणि टंकताना हमखास सुटतो.

हे वाक्य पाहा: 'झुलूचा इसांडलवाना इथला विजय ब्रिटिशांच्या जिव्हारी लागला.' व्याकरणाने यात एकच झुलू आहे. २२ जानेवारी १८७९ रोजी तिथे हजारो झुलू योद्धे लढले. अनुस्वार दिला की 'झुलूंचा' होते आणि सैन्य परत उभे राहते. 'हेरेरोवर झालेला अत्याचार' आणि 'हेरेरोंवर झालेला अत्याचार' यांतही तोच फरक. १९०४ ते १९०८ या काळात आजच्या नामिबियात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा समाजांचा संहार केला, आणि जर्मनीने २०२१ साली तो वंशसंहार होता हे मान्य केले. इतक्या मोठ्या शोकांतिकेचे वाक्य एका टिंबामुळे एका माणसापुरते होऊ नये. मुद्रितशोधन करताना ूंचा, ींचा, ोंचा ही रूपे मुद्दाम शोधून तपासावीत.

'बांटू भाषा' एकवचनी की अनेकवचनी?

'भाषा' हा शब्द आकारान्त असला तरी तत्सम आणि स्त्रीलिंगी, त्यामुळे 'एक भाषा, पाचशे भाषा' असा दोन्हीकडे सारखाच. गोंधळ इथूनच सुरू होतो. 'बांटू भाषा अवघड आहे' असे वाक्य लिहिले की बांटू नावाची एकच भाषा असल्याचा समज होतो, आणि तो पुढे प्रश्नपत्रिकांतही शिरतो. लिहावे 'बांटू भाषा अवघड आहेत', नाही तर 'बांटू भाषासमूह' किंवा 'बांटू भाषाकुळ'. 'तो बांटू बोलतो' हे वाक्य 'ती द्राविडी बोलते' याइतकेच अपुरे आहे.

या भाषांची संख्या साधारण पाचशे धरतात. बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते याचा निर्णय जो तो आपल्या निकषाने घेतो, म्हणून कोणी कमी मोजतात, कोणी जास्त. बोलणारे तीस कोटींहून अधिक आहेत. कुळाचे मूळ ठिकाण आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेच्या आसपास मानले जाते. तिथून सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी या भाषा बोलणारे लोक पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरू लागले. हा प्रसार पिढ्यान्पिढ्या, गावागावाने झाला. मराठीत त्याला 'बांटूंची स्वारी' म्हटलेले आढळते, ते टाळावे. 'बांटू विस्तार' किंवा 'बांटूभाषकांचा प्रसार' हे वस्तुस्थितीला धरून आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय माणसांना 'बांटू' म्हटले तर चालते का?

नाही, आणि हे उत्तर लक्षात राहिले तर बाकीचे विसरले तरी चालेल.

भाषाशास्त्रज्ञाने दिलेले निरुपद्रवी नाव तिथल्या वर्णभेदी सरकारने उचलले आणि बहुसंख्य जनतेवर शिक्क्यासारखे मारले. १९५१ साली बांटू ऑथॉरिटीज कायदा आला. १९५३ साली बांटू एज्युकेशन कायदा झाला, ज्याने काळ्या मुलांचे शिक्षण वेगळे आणि मुद्दाम हलक्या दर्जाचे केले. १९५९च्या कायद्याने लोकांची वाटणी वेगवेगळ्या 'स्वराज्य' भागांत केली, आणि १९७०च्या कायद्याने काळ्या माणसाला कागदोपत्री त्याच भागांचा नागरिक ठरवले, मग तो जन्मभर जोहान्सबर्गमध्ये का राहिलेला असेना. या दहा भागांना लोक 'बांटुस्तान' म्हणत. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. ज्या शिक्षणव्यवस्थेविरुद्ध ती उभी राहिली तिच्या नावातच 'बांटू' होते. ज्या पिढीने हे पाहिले आणि ज्या पिढ्यांनी ते घरात ऐकले, त्यांना नाम म्हणून वापरलेला हा शब्द आजही लागतो. १९७८ साली सरकारलाच आपल्या खात्याच्या नावातून तो काढावा लागला.

तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या बातमीत किंवा कथेत 'बांटू कामगार', 'दोन बांटू तरुण', 'बांटूंची वस्ती' असे लिहू नये. 'कृष्णवर्णीय कामगार', 'झुलू तरुण', 'खोसाभाषक वस्ती' असे लिहावे. 'बांटू भाषा' हा शास्त्रीय प्रयोग तिथेही चालतो, आणि कायद्याचे किंवा खात्याचे ऐतिहासिक नाव द्यायचे असेल तेव्हा ते आहे तसेच द्यावे.

पण स्टीव्ह बिको यांचे पहिले नावच 'बांटू' होते ना?

होय. कृष्णवर्णीय जाणिवेच्या चळवळीचे नेते बिको यांचे पूर्ण नाव बांटू स्टीफन बिको. त्यांचा जन्म १९४६ सालचा, आणि १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. तिथल्या राजकारणातले बांटू होलोमिसा हे नावही वाचकांना ठाऊक असेल. आईवडिलांनी बाळाला दिलेले नाव 'माणसे' या मूळ अर्थाने येते आणि त्यात अभिमान असतो. सरकारने शिरगणतीच्या रकान्यात घातलेले तेच अक्षर अपमान ठरते. व्यक्तिनाम म्हणून ते निःशंक लिहावे.

जुन्या पुस्तकांत 'काफर', 'काफिर लोक' असे शब्द येतात. त्यांचे काय करायचे?

दक्षिण आफ्रिकेत ही अत्यंत घाणेरडी शिवी मानली जाते. तिथली वर्तमानपत्रे तो शब्द पूर्ण छापतही नाहीत. २०१८ साली पोलिसांना उद्देशून तो वारंवार उच्चारल्याबद्दल एका स्त्रीला तुरुंगवासाची शिक्षा झाली. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लिखाणात, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या लिखाणातही, तो सर्रास आढळतो. जुना दस्तऐवज उद्धृत करताना शब्द बदलू नये, अवतरणात ठेवावा आणि खाली टीप द्यावी. आपल्या स्वतःच्या वाक्यात मात्र त्याला जागा नाही. 'हबशी' या शब्दाचा प्रश्न थोडा वेगळा आहे, तो पुढे येतो.

मग 'बांटू' हा शब्द माणसांसाठी कुठे योग्य ठरतो?

मध्य आफ्रिकेत त्याला ती कडवट चव नाही. गॅबनची राजधानी लिब्रेव्हिल इथे १९८३ साली बांटू संस्कृतींच्या अभ्यासाचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि ते नाव तिथल्या देशांनी स्वतः निवडले. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात शेती करणारे लोक आणि जंगलाच्या आधाराने जगणारे त्वा लोक यांच्यातल्या तंट्याच्या बातम्यांत 'बांटू आणि त्वा' अशी जोडी येते, तीही तशीच घ्यावी.

सोमालियात तर 'सोमाली बांटू' हे एका समाजाचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात आजच्या टांझानिया, मोझांबिक आणि मलावी या भागांतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. १९९०च्या दशकात यादवीमुळे ते निर्वासित झाले आणि २००३ नंतर त्यांच्यातले हजारो जण अमेरिकेत वसवले गेले. इथे 'सोमाली बांटूंनी', 'सोमाली बांटू कुटुंबे' असे बिनदिक्कत लिहावे. उलट त्यांना नुसते 'सोमाली' म्हटले तर त्यांनी सोसलेला भेदभावच वाक्यातून गायब होतो.

झुलू की अमाझुलू? गांडा की बागांडा? उपसर्ग ठेवायचा की काढायचा?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याला एका ओळीचे उत्तर नाही.

युगांडातले उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळी यंत्रणा दिसते. एक माणूस मुगांडा. अनेक माणसे बागांडा. त्यांचे राज्य बुगांडा, ज्याच्या राजाला काबाका म्हणतात. त्यांची भाषा लुगांडा. त्यांचे रीतिरिवाज, त्यांची ढब ती किगांडा. मूळ भाग तोच राहतो आणि पुढचे एक अक्षर बदलले की माणूस, लोक, देश, भाषा आणि संस्कृती असे पाच वेगळे शब्द तयार होतात. 'बुगांडा' हे नाव स्वाहिली बोलणाऱ्यांच्या तोंडून युरोपीयांनी ऐकले तेव्हा सुरुवातीचा 'ब' गळालेला होता, म्हणून देशाचे नाव युगांडा झाले.

आता मराठी वाक्यात काय होते ते पाहा. 'एक बागांडा शेतकरी' हे 'एक माणसे' म्हटल्यासारखे आहे. 'बागांडा भाषा' म्हणजे लोकांचे नाव भाषेला चिकटवणे. 'बुगांडा लोक' म्हणजे राज्याचे नाव लोकांना. हे तिन्ही प्रकार छापलेल्या मजकुरात सापडतात. 'मुगांडा शेतकरी', 'लुगांडा भाषा', 'बागांडा समाज' लिहिले की काम झाले.

दक्षिणेकडेही तसेच. एक मोत्स्वाना, अनेक बात्स्वाना, भाषा सेत्स्वाना, देश बोत्स्वाना. एक मोसोथो, अनेक बासोथो, भाषा सेसोथो, देश लेसोथो. झुलूंमध्ये लोक अमाझुलू आणि भाषा इसिझुलू. खोसांमध्ये लोक अमाखोसा आणि भाषा इसिखोसा. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या राज्यघटनेत राजभाषांची नावे अशी उपसर्गांसह दिली आहेत. मात्र कोणत्या समाजाला कोणता उपसर्ग हे अंदाजाने लावता येत नाही. खोसा लोक अमाखोसा असले, तरी नेल्सन मंडेला ज्यांच्यातले, ते खोसाभाषक थेम्बू लोक अबाथेम्बू म्हणवतात.

माझा सल्ला असा. जी नावे मराठीत उपसर्गाशिवाय रुळली आहेत, म्हणजे झुलू, खोसा, स्वाहिली, किकुयू, शोना, हेरेरो, ती तशीच ठेवावीत. झुलू लोक, झुलू भाषा, एक झुलू, चार झुलू: मराठी वाचकाला काहीच अडत नाही. जी उपसर्गासह रुळली आहेत, म्हणजे बागांडा, बासोथो, किन्यारवांडा, चिचेवा, ती तशी ठेवावीत आणि मग त्यांचे एकवचन, भाषा आणि देश नीट पाळावेत. एका लेखात एकच पद्धत असावी. पहिल्या परिच्छेदात 'झुलू' आणि चौथ्यात 'अमाझुलू' आले तर वाचक ते दोन वेगळे समाज समजतो.

कादंबरीच्या अनुवादात पात्र स्वतः बोलत असेल तर उपसर्ग जरूर ठेवावा, त्यात त्या माणसाचा आवाज असतो. इंग्रजीत 'अमाझुलू'चा झ मोठ्या लिपीत घालून मूळ शब्द दाखवतात. देवनागरीत ती सोय नाही आणि तिची गरजही नाही, मध्ये जोडरेघ देऊ नये.

पूर्व आफ्रिकेबद्दलच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत जवळपास प्रत्येक समाजाला स्वाहिली 'वा' लावलेला असतो: वासुकुमा, वाचागा, वागोगो, वाकांबा. हे स्वाहिलीतले अनेकवचन आहे, त्या-त्या समाजाचे स्वतःचे असेलच असे नाही. कांबा लोक स्वतःला अकांबा म्हणतात. अनुवादात सुकुमा, चागा, गोगो, कांबा पुरेसे. किलिमांजारो चढायला जाणाऱ्या मराठी मंडळींना डोंगराच्या उतारावरच्या गावांत भेटतात ते हेच चागा लोक.

शोना, लुबा, चेवा ही आकारान्त नावे. 'शोने', 'लुबे' करायचे का?

नको. 'मराठा–मराठे' हे आपल्या घरचे. परकी समाजनावे काका, मामा, दादा यांच्यासारखी चालवावीत. दोन काका आले, काकांना सांगितले. तसेच शोना आले, शोनांना सांगितले. ज्यांच्या कानाला 'लुबांनी', 'चेवांचा' खटकते त्यांनी 'लुबा लोकांनी', 'चेवा समाजाचा' लिहावे. ओकारान्त आणि एकारान्त नावांत अडचण येत नाही: हेरेरोंचा, सोथोंनी, न्देबेलेंना.

स्त्रियांबद्दल लिहिताना 'झुलूण' किंवा 'बांटूण' असे काही घडवू नये. झुलू स्त्री, झुलू स्त्रिया, शोना मुलगी.

'जमात', 'टोळी', 'आदिवासी' यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

'टोळी' कधीच नको. मराठीत टोळी चोरांची असते, टोळधाडीची असते. 'आदिवासी' या शब्दाला आपल्याकडे राज्यघटना, आरक्षण आणि जंगलहक्क यांचा ठाम संदर्भ आहे. तो नैरोबीतल्या बँक अधिकाऱ्याला किंवा किकुयू प्राध्यापकाला लावणे चूक आहे. केनियाच्या २०१९च्या जनगणनेत किकुयू ८१ लाखांहून अधिक होते. इतक्या मोठ्या लोकसमूहाला 'समाज', 'लोक' किंवा गरज पडल्यास 'वांशिक समूह' म्हणावे. 'जमात' हा शब्द सरकारी संज्ञा म्हणून येईल तेवढ्यापुरता ठीक. 'बांटू वंश' मात्र लिहू नये. बांटू हे भाषांचे नाते आहे, चेहऱ्याचे किंवा रक्ताचे वर्गीकरण नव्हे.

आफ्रिकेतले सगळे कृष्णवर्णीय लोक बांटू असतात का?

नाही. मराठी प्रवासवर्णनांत हमखास होणारी चूक म्हणजे मसाईंना बांटू म्हणणे. मसाई मारात लाल शुका पांघरून भेटणारे मसाई आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठचे लुओ हे नायलोटिक भाषा बोलतात. बराक ओबामा यांचे वडील लुओ होते. सोमाली आणि ओरोमो भाषा कुशिटिक, अम्हारिक सेमिटिक, हौसा चाडिक. योरुबा आणि इग्बो या बांटूंच्या दूरच्या नात्यातल्या, पण त्या शाखेतल्या नाहीत. केनियात किकुयू, लुह्या, कांबा, मेरू आणि गुसी हे बांटूभाषक. ढोबळमानाने विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे बांटू भाषांचे राज्य आहे. तिथेही सान आणि खोइखोइ लोकांच्या भाषा वेगळ्या कुळांतल्या आहेत.

'हुतू हे बांटू आणि तुत्सी हे परके' असे वाचले होते. लिहावे का?

कृपा करून लिहू नये. रवांडातले हुतू, तुत्सी आणि त्वा हे तिघेही किन्यारवांडा बोलतात, आणि ती बांटू भाषा आहे. तुत्सी उत्तरेकडून आलेला श्रेष्ठ वंश आणि हुतू हे स्थानिक बांटू, ही मांडणी वसाहतकाळातल्या युरोपीय वंशसिद्धान्तातून आली. बेल्जियमच्या सत्तेने १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर हा भेद छापून पक्का केला. १९९४च्या वंशसंहारात हल्लेखोरांच्या प्रचाराने त्याच कल्पनेचा आधार घेतला आणि एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. नाक्यानाक्यावर ओळखपत्रे पाहून लोकांना वेगळे काढले गेले. एवढे माहीत असल्यावर 'बांटू विरुद्ध तुत्सी' असे शीर्षक देण्याचे धाडस होऊ नये. वाक्ये साधी ठेवावीत: 'तुत्सींवर हल्ले झाले', 'अनेक हुतूंनीही शेजाऱ्यांना लपवले आणि त्यासाठी जीव गमावला'.

मलिक अंबर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी यांना बांटू म्हणता येईल का?

मलिक अंबरला नाही. तो इथिओपियातला, बहुधा ओरोमो समाजातला मानला जातो. 'हबशी' हा शब्द मुळात त्याच प्रदेशाच्या 'हबश' या अरबी नावावरून आला. पुढे मराठीत तो कोणत्याही आफ्रिकी माणसाला लावला गेला आणि त्यात तुच्छता मिसळली, म्हणून आजच्या माणसाबद्दल तो वापरू नये. शिवकालाच्या संदर्भात 'हबशी' किंवा 'सिद्दी' असे येणे ओघाने आलेच.

भारतातल्या सिद्दी समाजाची गोष्ट मिश्र आहे. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या जनुकीय अभ्यासांत पूर्व आफ्रिकेतल्या बांटूभाषक लोकांशी स्पष्ट नाते आढळले आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अनेक सिद्दींचे पूर्वज पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गोव्यात आणलेले गुलाम होते, असे मानतात. आज ते कोंकणी आणि कन्नड बोलतात. त्यांची ओळख सिद्दी आहे, तीच लिहावी. पूर्वजांचा उल्लेख करायचा तर 'बांटूभाषक प्रदेशातून आलेले' म्हणावे.

'उबुंटू' आणि 'बांटू' एकच का?

मूळ भाग एकच, उपसर्ग वेगळा. 'उबु' लागला की भाववाचक नाम होते: माणूसपण. झुलूतली म्हण आहे, 'उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू', म्हणजे माणूस माणूस होतो तो माणसांमुळे. एकाच वाक्यात एकवचनही आहे आणि अनेकवचनही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३च्या हंगामी राज्यघटनेत छळाऐवजी 'उबुंटू' हवे असे शब्द आले, आणि डेस्मंड टुटू यांच्या सत्य व सलोखा आयोगाने ते जगभर नेले. २००४ साली आलेल्या संगणक प्रणालीचे नावही त्यावरूनच. सरकारी कामकाजाच्या संदर्भात 'बाथो पेले' वाचनात आले तर तेही ओळखीचे वाटेल: 'आधी माणसे', सोथो भाषांतले तेच अनेकवचन.

बांटू, बांतू की बंटू?

'बांटू' अधिक रुळलेले आहे, 'बांतू'ही चालते. 'बंटू' टाळावे, ते लाडके नाव वाटते.

'बांटू नॉट्स' या केशरचनेचे नाव बदलावे का?

नाही. जगभर त्याच नावाने ओळखली जाते आणि कृष्णवर्णीय स्त्रिया स्वतः ते नाव वापरतात.

स्वाहिली संवादात 'वाहिंदी' येते. ते कोण?

आपणच. एक भारतीय 'म्हिंदी', अनेक 'वाहिंदी', भाषा 'किहिंदी'. नैरोबी किंवा दार-ए-सलाममध्ये पिढ्यान्पिढ्या राहिलेले गुजराती, पंजाबी, गोवेकर आणि मराठी सगळे या एका शब्दात येतात. केनियाने २०१७ साली आपल्या आशियाई नागरिकांना देशातला ४४वा समाज म्हणून मान्यता दिली, त्या बातम्यांतही हा शब्द होता. अनुवाद 'भारतीय लोक' किंवा संदर्भानुसार 'भारतीय वंशाचे लोक' असा करावा. 'हिंदी लोक' म्हटले तर हिंदीभाषक असा अर्थ होतो, आणि 'हिंदू' म्हटले तर तिथले मुस्लिम, शीख आणि ख्रिस्ती भारतीय वगळले जातात. बाजारातल्या संवादात 'माहिंदी' दिसले तर जरा जपून: तिथे उपसर्ग 'वा' नसून 'मा' आहे, आणि तो मका आहे.